बाहेरून बघताना

१

रोज सकाळी गिनीपिगांना गवत टाकून झालं की तार्हेलिया हात धुवायची, चपला दाराशी काढायची आणि भावाच्या घराचं कुलूप उघडायची. त्या घरात कोणी राहत नव्हतं, पण साफसफाई मात्र राहत्या घरासारखी व्हायला हवी होती. फरशी पुसायची, जिन्याचे कठडे पुसायचे, वरच्या मजल्यावरच्या न वापरलेल्या संडासांत पाणी सोडायचं, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर जे प्लास्टिक होतं त्यावरची धूळ झटकायची. प्लास्टिक काढायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

घर तीन मजली, निळ्या काचांचं. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, त्यांतला एक हसतोय आणि दुसऱ्याची दाढ दुखतेय असं वाटावं अशी त्यांची तोंडं. लोमापाता या डोंगरी गावाच्या चढावर अशी घरं आता जिकडेतिकडे होती. मालक न्यूयॉर्कला तळघरात एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे आणि इकडे डोंगरावर महाल बांधायचे. महाल राखायला मागे कोणीतरी म्हातारी नाहीतर बिनलग्नाची बहीण. तार्हेलिया त्यातली बहीण. तिचं स्वतःचं अंथरूण घराच्या मागे, आईच्या जुन्या मातीच्या स्वयंपाकघरात होतं, चुलीशेजारी. गिनीपिगही तिथेच पाळलेले.

त्या दिवशी कान्यार शहरातून क्लेवेर आला. कॅमेरे बसवणारा हा गडी जाडजूड आणि बोलघेवडा. फाटकात एक, जिन्यावर एक आणि दिवाणखान्यात एक, असे कॅमेरे त्याने सकाळभरात ठोकले. भाऊ एफ्राईन न्यूयॉर्कहून व्हिडिओ कॉलवर होता. तार्हेलियाने त्यानेच पाठवलेला आपला फोन फुलदाणीला टेकवून ठेवला होता.

"मावशी, घरातल्या घरात चित्र दिसणं काही विशेष नाही," क्लेवेर शिडीवरून म्हणाला. "खरं काम आता पुढे. हे चित्र घराबाहेर काढायचं, इंटरनेटवरून थेट तुमच्या भावाच्या खिशात घालायचं."

"त्याच्या खिशात बरंच काही जातं. बाहेर येताना काही दिसलं नाही मला अजून."

"ऐकतोय मी, ताई," फुलदाणीतून आवाज आला.

"ऐक की. तेवढ्यासाठीच तर चाललंय सगळं."

क्लेवेर हसला. त्याने राउटरला वायर जोडली, पासवर्ड टाकला, फोनवर काहीबाही दाबलं. मग म्हणाला, "आता मी रस्त्यावर जातो. घरचं वायफाय सोडून मोबाईलच्या नेटवर बघतो. बाहेरून बघितलं तरच कळतं की बाहेरून दिसतंय. तुम्ही इथेच थांबा. काहीतरी करत राहा."

तार्हेलिया दुसरं काय करणार? तिने झाडू उचलला आणि दिवाणखाना झाडला.

क्लेवेर परत आला तो घाम पुसत. "झालं! नेट अडखळतंय, पण चित्र झकास. फक्त तुम्ही कुठे गायब झालात? थांबा म्हटलं होतं ना?"

"मी इथेच होते. झाडत होते."

"मग कॅमेऱ्याच्या अगदी खाली आला असाल. तिथे आंधळा कोपरा असतो."

तार्हेलियाने खाली पाहिलं. कचऱ्याची ढिगली दिवाणखान्याच्या मधोमध होती, झुंबराच्या बरोबर खाली. पण क्लेवेरला पुढच्या कामाची घाई होती, आणि एफ्राईन तिकडून "मस्त, मस्त" करत होता. तिने ढिगली सुपलीत भरली आणि विषय सोडून दिला.

२

आठवडाही झाला नसेल, तिन्हीसांजेला एफ्राईनचा फोन आला.

"ताई, तू घरात जातेस की नाही?"

"रोज जाते."

"मग मला कोणीच कसं दिसत नाही? सकाळी बघतो तर दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, आणि आत चिटपाखरू नाही. दार उघडं टाकून कुठे उंडारत असतेस?"

"कुठे उंडारणार मी? बाजारात नाचायला? फरशी पुसत असते तुझी."

"कॅमेरा खोटं बोलत नाही, ताई."

"मग मी बोलते का?"

त्याने सूर बदलला. मग गोड आवाज काढून म्हणाला, "अगं, तूही आता दमली असशील. नार्सिसाची मावसबहीण आहे ना, बिब्लियान गावची? एकटीच आहे बिचारी. ती येऊन राहील घरात. तुला आराम."

नार्सिसा म्हणजे त्याची बायको. तार्हेलियाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे असं होतं तर. कॅमेरा, दार, खिडक्या ही सगळी नुसती निमित्तं होती. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेवटी शेळीलाच हाकलून द्यायचं.

जमीन आईची होती. तार्हेलियाने आपला हिस्सा सही करून भावाच्या नावावर केला तो एकाच बोलीवर. दिवाणखान्याला लागून जी खालची खोली आहे, पूर्वेला खिडकी असलेली, ती तिची. मरेपर्यंत. एफ्राईनने तेव्हा फोनवर छातीवर हात ठेवून शपथ घेतली होती. घर पूर्ण झालं, खोलीत पलंग आला, पलंगावर गादी आली. पण "मी आल्याशिवाय कोणी झोपायचं नाही" असा हुकूमही आला. आणि एफ्राईन येणार कसा? चोरवाटेनं गेलेला माणूस, कागदपत्रं नाहीत. एकदा तिथून निघाला की परत आत शिरता यायचं नाही. हे त्यालाही ठाऊक होतं आणि गावालाही.

आईलासुद्धा त्याने नाही म्हटलं होतं. धुराने तिची छाती भरली होती, शेवटी शेवटी तिला आडवंही होता येत नव्हतं. एकदा तिने स्वतःच्या तोंडानं मागितलं होतं, "एक रात्र त्या खोलीत निजू दे मला. खिडकीतून ऊन येतं तिथे." तार्हेलियाने भावाला विचारलं. तो म्हणाला, "आलोच की आता मी. माझ्या हातानं निजवीन तिला." आई मेंढीच्या कातड्यावर, चुलीपाशीच गेली. तिची अंत्ययात्रा त्याने फोनवर पाहिली. मधेच बॅटरी संपली.

आणि आई तरी काय! आयुष्यभर हगणं-मुतणं काढलं तार्हेलियाने, पण फाटक वाजलं की म्हातारीचा एकच प्रश्न, "एफ्राईन आला का?" रोज. दूधवाला आला तरी तोच, वाऱ्यानं फाटक हललं तरी तोच. आणि तार्हेलियाचं रोजचं उत्तर, "उद्या येईल, आई."

ते सगळं आठवून तिला इतका संताप आला की तिने फोन पिठाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

३

दुसऱ्या दिवशी तिने क्लेवेरला बोलावून घेतलं. "माझ्या भावाला मी दिसत नाही म्हणे. तू बसवलेलं यंत्र तूच नीट कर."

क्लेवेरने घरातल्या वायफायला फोन जोडला. दिवाणखाना दिसला, दिवाणखान्यात तार्हेलिया दिसली, कमरेवर हात ठेवून उभी. "दिसताय की चांगल्या ठसठशीत," तो म्हणाला.

"बाहेरून बघ."

"बाहेरून तरी तेच दिसणार, मावशी. कॅमेरा एकच आहे."

"आधी मी जाते. तू इथे बस."

तो प्लास्टिकवर चर्रकन बसला. तार्हेलिया त्याचा फोन घेऊन रस्त्याच्या वरच्या वळणावर गेली. तिथे देवमातेचा कोनाडा आहे, मेणबत्त्यांनी काळा झालेला, आणि मोबाईलचं नेट तिथेच काय ते धड मिळतं. तिने बघितलं. क्लेवेर सोफ्यावर बसून पोट खाजवत होता, मग त्याने इकडेतिकडे बघून नाकात बोट घातलं. सगळं स्वच्छ दिसत होतं. तिला जरा हायसं वाटलं.

मग पाळी बदलली. तार्हेलियाने जेवणाची एक खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसली, मांडीवर हात ठेवून, फोटो काढून घ्यायला बसावं तशी. क्लेवेर वळणावर गेला. घरात काही आवाज नव्हता. राउटरचे निळे दिवे लुकलुकत होते. कॅमेऱ्याचा लाल ठिपका तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे.

तो परतला तेव्हा त्याची बडबड बंद झाली होती.

"मावशी, तुम्ही उठला होतात का?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही म्हटलं ना. खुर्ची दिसली का तुला?"

"खुर्ची दिसली." त्याने ओठ चाटले. "खुर्चीची पाठ दिसली. पूर्ण."

मग क्लेवेर जोराने हसला. "मोबाईलचं नेट म्हणजे काय, अर्धं चित्र गाळतं. जे जास्त हलत नाही ते गाळतं. तुम्ही अगदी पुतळ्यासारख्या बसला असणार."

"खुर्चीपेक्षा जास्त हलले असेन रे मी."

त्याने तिच्या फोनवरही ॲप टाकून दिलं, कसं उघडायचं ते दाखवलं आणि मोटरसायकलला लाथ मारली. शिडी दिवाणखान्यातच राहिली. ती न्यायला तो कधी आला नाही, आणि तार्हेलियाने फोन केला की उचलायचाही नाही.

त्या संध्याकाळी मका निवडताना तिला घर झाडायचा सोहळा आठवला. नवं घर बांधलं की इकडे सगळा गाव जमतो, घराचा एक धर्मपिता नेमतात, तो छपरावर क्रूस बसवतो, औषधी पाल्याच्या झाडूने घर झाडतो आणि मगच घरात माणसांनी राहायचं. काही वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतर काही महिन्यांनी, एफ्राईनने तो घाट घातला. धर्मपिता मेसियास काका. रिवाज असा की पहिलं पाऊल मालकाचं. एफ्राईन म्हणाला, "मग मलाच आधी आत न्या. फोनवर." मेसियास काकांनी कपाळाला हात लावला होता. "अरे, ज्याला पाय नाहीत तो उंबरा कसा ओलांडणार?" सगळे खो खो हसले. "ताई धरेल की मला," एफ्राईन म्हणाला.

तिने फोन दोन्ही हातांनी पुढे धरला होता. आधी त्याचं तोंड आत गेलं, मागे नार्सिसाचं, मध्ये घुसलेली पोरांची. काकांनी फोन तिच्या हातातून घेऊन आतल्या टेबलावर ठेवला आणि मालक आले असं जाहीर केलं. मग आतून बाहेर झाडत आणलं. जे या घरचं नाही ते बाहेर जाऊ दे, असं म्हणत म्हणत. तार्हेलिया तेव्हा उंबऱ्यातच उभी होती. झाडू तिच्या पायांवरून गेला. "अगं, सरक की," काका म्हणाले, आणि ती सरकली. बाहेर.

मग बँड वाजला, भाजलेल्या गिनीपिगांची पंगत बसली, दारू झाली. कोणाच्या काही लक्षात राहिलं नाही. असं काही नसतं, तिने स्वतःला बजावलं. यंत्र आहे, बिघडतं. तरी निवडलेला मका तिने पुन्हा एकदा निवडला.

४

मग एफ्राईनचे फोन थांबले. मावसबहिणीचंही नाव कोणी काढेना. तार्हेलिया जीव मुठीत धरून होती, रोज घर पुसत होती, पुसताना मुद्दाम कॅमेऱ्यासमोर दोनदा जास्त फिरत होती.

एका दुपारी फोन आला. आवाज असा मऊ की तिला आधी ओळखूच येईना.

"ताई, सोफ्यावरचं प्लास्टिक तू काढलंस?"

तिने वळून बघितलं. प्लास्टिक जागच्या जागी होतं. "नाही."

"बरं, बरं. राहू दे." तो हसला, लहानपणी मक्याच्या गोड भाकरी चोरून खाल्ल्यावर हसायचा तसा. "छान दिसतंय घर. खूप छान."

पुढचा फोन आला तो पहाटे, गवत टाकायच्या वेळी. "ताई, ऐक. रागावू नकोस. किल्ल्या मेसियास काकांकडे देऊन टाक. आता घरात जाऊ नकोस."

"आणि साफसफाई?"

"नको. तू गेलीस की ते उठून जातात."

"कोण ते?"

"दार आपोआप उघडतं. खिडक्या उघडतात. झाडू फिरतो." त्याचा आवाज खाली आला. "मुलं घाबरतात, ताई."

तिने काही विचारायच्या आत फोन बंद झाला होता.

न राहवून तिने नार्सिसाला फोन लावला. दोघींचं कधीच पटलं नव्हतं, पण आज नार्सिसा पहिल्याच शब्दाला रडू लागली.

"वन्सं, हे कामावर जात नाहीत. तो फोन घेऊन पलंगाच्या कडेला बसतात, दिवसरात्र. जेवायचं ताट तसंच. हसतात काय, बोलतात काय. पोरांची नावं घेऊन हाका मारतात."

"पोरं कुठे आहेत?"

"पोरं?" नार्सिसा कडवट हसली. "ती केव्हाच वेगळी राहायला गेली. बापाचा फोन उचलत नाहीत. आपली भाषासुद्धा बोलत नाहीत धड."

"तू बघितलंस का गं त्या फोनात?"

नार्सिसाने तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"एकदाच. परत नाही बघणार. वन्सं, मी घेराचा लोकरी परकर सोडून किती वर्षं झाली तुम्हाला माहीत आहे. इथे पँट घालून लोकांची ऑफिसं धुते मी. तिथे मी परकर नेसून बसले होते. केसांना फीत लावून." तिने नाक ओढलं. "खूश दिसत होते मी, वन्सं. इतकी खूश मी कधी नव्हते."

५

त्या दिवशी तार्हेलिया घरात गेली नाही. जेवण उरकून वरच्या वळणावर गेली, कोनाड्याशी टेकून बसली आणि फोन उघडला.

खाली तिच्या डोळ्यांसमोर घर होतं, निळ्या काचांचं, बंद, कुलूप लावलेलं. कुलपाची किल्ली तिच्या कमरेला होती. आणि हातातल्या चौकोनात त्याच घराचा दिवाणखाना होता. चित्र अडखळत होतं. एक तुकडा यायचा, थांबायचा, मग दुसरा.

सोफ्यावर प्लास्टिक नव्हतं. सोफा लाल होता. इतकी वर्षं पुसला, पण खरा रंग तिने आज पाहिला.

टेबलावर ताटं होती. उकडलेल्या मक्याची वाफ निघत होती. टेबलाभोवती पाठमोरी माणसं बसली होती. दोन लहान डोकी, नीट भांग पाडलेली. नार्सिसाची फीत. आणि मुख्य खुर्चीवर टोपी घातलेला एक गडी, मानेमागे भाजल्याचा तो डाग, लहानपणी तार्हेलियाच्याच हातून उकळतं पाणी सांडलं होतं त्याचा. चित्र थांबलं. पुढच्या तुकड्यात गडी हसत होता, खांदे वर गेलेले. आवाज नव्हता. तिने आवाज चालू केला नव्हता, आणि करायची छाती झाली नाही.

हे जुनं काहीतरी लागलंय, तिने मनाशी म्हटलं. कुठलं तरी दुसरं घर जोडलं गेलंय. पण कोपऱ्यात क्लेवेरची शिडी उभी होती.

मग तिची नजर टेबलाच्या मागे गेली. खालच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिच्या खोलीचं. पूर्वेच्या खिडकीतून दुपारी ऊन येत नाही, पण आत ऊन होतं. दाराच्या फटीतून पलंगाची कड दिसत होती, पलंगावरून खाली आलेली काळ्या लोकरीच्या परकराची किनार, आणि एक अनवाणी पाय. टाचेला भेगा. त्या भेगांना तार्हेलियाने किती वर्षं चरबी चोळली होती, त्या भेगा तिला अंधारात नुसत्या बोटांनी ओळखता आल्या असत्या. चित्र पुढे सरकलं. गुडघ्यांवर एक परात आली. दोन हात मक्याचं कणीस सोलत होते.

तार्हेलिया रडली नाही. तिला राग आला. धुरात ही निजली, माझ्या मांडीवर ही गेली, आणि मेल्यावर निघाली ती सरळ त्याच्याकडे. आणि बसली कुठे, तर माझ्या खोलीत. आईचा मत्सर करणं पाप आहे हे तिला कळत होतं, आणि तरी ती तो करत होती, भर दुपारी, देवमातेच्या कोनाड्याला टेकून.

खालून धुकं चढायला लागलं. घराचे सिंह दिसेनासे झाले, मग खिडक्या. फोनात मात्र ऊन तसंच होतं. तिने अंगावरची शाल घट्ट ओढली, उठली आणि खाली निघाली.

६

कुलूप उघडताना तिने मुद्दाम आवाज केला.

दिवाणखाना नेहमीसारखाच होता. सोफ्यावर प्लास्टिक. टेबल रिकामं, थंड. रंगाचा वास, बंद घराचा वास. तिने टेबलावर तळहात ठेवून पाहिला, वाफेचा ओलावा लागतो का ते. लागला नाही. खुर्च्या मात्र टेबलापासून थोड्या थोड्या मागे ओढलेल्या होत्या, घाईने उठल्यासारख्या. आपणच ओढल्या असतील परवा, पुसताना. ती खोलीकडे गेली.

पलंग, गादी, गादीवरचं पारदर्शक वेष्टण. बाकी काही नाही. ती आयुष्यात पहिल्यांदा त्या पलंगावर बसली. वेष्टण कुरकुरलं.

"आई," ती म्हणाली. "सरक जरा."

दिवाणखान्यात खरखर झाली. कॅमेऱ्याला बोलायचीही सोय होती, क्लेवेरने सांगितलं होतं. तिथून तिच्या भावाचा आवाज आला, रडवेला, चिडलेला.

"ताई, तू आहेस ना? दार उघडलं. तूच असणार. बाहेर हो! सगळे उठले ताटावरून. बाहेर हो म्हणतो ना!"

"ही माझी खोली आहे, एफ्राईन."

"तिथे आई होती! आई उठून गेली तुझ्यामुळे!"

तार्हेलिया पलंगावरून उठली. "कुठे गेली?"

"मागच्या दाराने. तुझ्या त्या स्वयंपाकघराकडे." तो हुंदके देत होता. "तिकडे कॅमेरा नाही. मला दिसत नाही ती. ताई, ऐक, मी हात जोडतो. उद्याच्या उद्या क्लेवेरला बोलाव. एक कॅमेरा तिथेही बसव. चुलीपाशी. मावसबहीण येणार नाही, कोणी येणार नाही, खोली पण घे तू, काय हवं ते घे. फक्त तिथे एक कॅमेरा..."

"चुलीपाशी."

"हो, ताई. हो."

ती दिवाणखान्यात आली. लाल ठिपक्याकडे तिने बघितलं. तिकडे तिला बघणारा तिला बघू शकत नव्हता. आयुष्यात एवढी निवांत ती भावासमोर कधी उभी राहिली नव्हती. मग तिने क्लेवेरची शिडी ओढली, दोन पायऱ्या चढली आणि राउटरची वायर भिंतीतून उपटली.

"ता..." एवढंच आलं. निळे दिवे गेले. लाल ठिपका राहिला, पण आता तो कोणाचाच नव्हता.

तिने दाराला कुलूप लावलं नाही. मागच्या अंगणात धुकं उतरलं होतं, स्वयंपाकघराच्या कौलांतून धूर निघत होता. जेवण उरकल्यावर तिने निखारे राखेखाली दाबले होते. धूर निघायचं काही कारण नव्हतं.

ती आत शिरली. पायरव आला की गिनीपिग ओरडतात. रोज ओरडतात, गवत असो नसो. आज एकही ओरडलं नाही. ती सगळी चुलीपलीकडच्या भिंतीशी एकमेकांना चिकटून बसली होती, तोंडं एकाच बाजूला. तिने त्या बाजूला बघितलं नाही. चुलीत जाळ होता, नीट रचलेला, मोठं लाकूड मागे आणि काटक्या पुढे. तसा तिला स्वतःला कधीच रचता आला नव्हता. आईचं ठेंगणं बाकडं भिंतीपासून पुढे ओढलेलं होतं.

ती आपल्या जागी, कातड्यावर बसली. डोळ्यांच्या कडेला परकराची काळी किनार होती, आणि जाळाच्या उजेडात एक टाच.

त्याला सोडून आली, तार्हेलियाच्या मनात आलं. ऊन सोडून, गादी सोडून, लेकाला सोडून, माझ्याकडे आली. भीतीने तिचे दात वाजत होते, आणि तरी छातीत काहीतरी गरम उसळलं. इतक्या वर्षांत असं काही तिला वाटलं नव्हतं. ती हात पुढे करणार होती, टाचेला लावायला. चरबीची वाटी चुलीवरच्या कोनाड्यात अजून तशीच होती.

तेवढ्यात बाहेर वाऱ्याने फाटक वाजलं.

बाकडं करकरलं. खूप दिवस कोणी न वापरलेला, धुराने भरलेला आवाज तिच्या कानाशी आला.

"एफ्राईन आला का?"

तार्हेलियाने पुढे केलेला हात मागे घेतला. एक काटकी उचलली, मोडली, जाळात सारली.

"उद्या येईल, आई," ती म्हणाली.